आधी तिथी, मग तिकीट, खोली शेवटी : मालवणची सुट्टी कशी आखावी

(गिरगावात झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय तसा घरगुती आहे. समुद्रकाठच्या एखाद्या लांबच्या गावी चार दिवस सुट्टीला जायचं, तर त्याची आखणी कशी करावी? यावर व्याख्यान कशाला, असं काहींना वाटेल. मोबाइल उघडायचा, फोटो बघायचे, खोली बुक करायची, झालं. पण माझं आजचं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. समुद्रकाठचं गाव निवडताना खोली सगळ्यात शेवटी ठरवायची. आधी ऋतू आणि तिथी, मग तिकीट, मग खोली. हा क्रम उलटा झाला की सुट्टी बिघडते, आणि कधी कधी सुट्टीपेक्षा मोठं काहीतरी बिघडतं. ते कसं, ते आपण बघू.

उदाहरण म्हणून मी मालवण घेतो. कारण सरळ आहे. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागात बसून समुद्रकाठच्या गावाविषयी बोलायचं तर तळकोकण टाळून चालणार नाही. आपल्या चाळी तिथल्या माणसांनी भरल्या. इथे समोर बसलेल्यांत दोन गट असणार, हे मी धरून चालतो. एक, ज्यांचं गाव तिकडेच आहे. दुसरा, ज्यांचं तिकडे कोणीच नाही, पण जावंसं वाटतं. आजचं बोलणं मुख्यतः दुसऱ्या गटासाठी आहे. पहिल्या गटाने चूक निघाली तर सांगावी.

चाकरमान्याला हे कोण सांगायचं?

गिरण्यांच्या काळात एकेका गावाची खोली असायची. एकाच गावचे दहा-पंधरा पुरुष एका खोलीत, पाळीपाळीने झोपायचे, जवळच्या खानावळीत जेवायचे. गावाहून पत्र यायचं. पाऊस लागला का, विहिरीला पाणी किती, जत्रा कधी धरली, आंबा मोहोरला का, सगळं त्या पत्रात असायचं. चाकरमान्याची रजा त्या पत्रावर ठरायची. म्हणजे आखणी त्यालाही करावी लागत होतीच, फक्त निम्मी आखणी गावातली माणसं करून पाठवायची.

जायचं कसं, तर बोटीने. मुंबईहून निघालेली आगबोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत जायची. बऱ्याच बंदरांत ती धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, पोरंबाळं पडावात उतरून किनाऱ्याला यायची. पावसाळा लागला की ही वाहतूक बंद. मग पुन्हा पावसाळ्याच्या शेवटी सुरू. त्यामुळे समुद्राचं वेळापत्रक प्रत्येक चाकरमान्याच्या डोक्यात आपोआप बसलेलं होतं.

पावसाळी समुद्राची किंमत या शहराने मोजलेली आहे. १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. दिवस गटारी अमावास्येचा होता. अंतर किती? पलीकडचा किनारा, जवळजवळ डोळ्यांसमोरचा. समुद्र अंतरावरून धोका ठरवत नाही, एवढं त्यातून लक्षात ठेवायचं.

मग रेल्वे आली. कोकण रेल्वेचा रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग १९९८ च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाला. प्रवास एका रात्रीवर आला. ज्यांचं तिकडे गाव नाही तेही जाऊ लागले. हे चांगलंच झालं. पण एक गोष्ट सुटली. चाकरमान्याला गावाहून पत्र यायचं, पर्यटकाला कोणाचंच पत्र येत नाही. त्याला येतो फक्त फोटो. आणि फोटोत भरती-ओहोटी दिसत नाही, विहिरीचा तळ दिसत नाही, दवाखाना किती लांब आहे तेही दिसत नाही.

आज आपण ते पत्र लिहून काढू.

पहिली गोष्ट : ऋतू

मालवणचं वर्ष ढोबळमानाने चार तुकड्यांत बघा.

जून ते ऑगस्ट. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या महिन्यांत. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, कारण बऱ्याच माशांचा हा विणीचा काळ. म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला बघायचा आणि ताजी सुरमई खायची, असं ठरवून कोणी जुलैत गेलं तर त्याला किल्ला लांबून दिसेल आणि ताटात खाडीचे मासे नाहीतर सुकट येईल. ज्याला पाऊस, भातखाचरं आणि गरम पेज हवी आहे, त्याने मात्र खुशाल जावं.

सप्टेंबर ते नोव्हेंबर. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जातात. रापणी लागतात. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते अर्धगोल टाकतात आणि मग दोन्ही टोकांनी माणसं ओढत आणतात. पहाटे हे बघायला मिळालं तर बघावं, आणि हात लावण्याआधी विचारावं. बांगडा याच दिवसांत भरपूर. पण पाणी अजून गढूळ असतं, त्यामुळे पाण्याखालचं बघायचं म्हणून गेलात तर निराशा होईल.

डिसेंबर ते फेब्रुवारी. पाणी निवळतं, हवा सुखाची, रात्री गावोगावी दशावतार. हाच सर्वांत चांगला काळ. नाताळ ते नवीन वर्ष हे आठ-दहा दिवस मात्र वगळा. तेव्हा मालवणात मालवण दिसत नाही, गाड्या दिसतात.

मार्च ते मे. शाळांना सुट्टी, आंबा, फणस, जांभळं, करवंदं. मुलांसाठी मजा. पण उकाडा आहे, विहिरी खाली गेलेल्या असतात, आणि मेच्या शेवटी समुद्र बदलायला लागतो. मे २०२२ च्या अखेरीस तारकर्लीजवळ स्कूबासाठी गेलेल्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. हंगामाच्या शेवटच्या दिवसांत घाई करू नये, एवढंच मी त्यातून घेतो.

याशिवाय गावाच्या स्वतःच्या तारखा असतात. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीत भराडी देवीची जत्रा भरते. तिचा दिवस पंचांगातल्या एखाद्या तिथीला बांधलेला नाही. देवीला कौल लावून तो ठरतो, साधारण फेब्रुवारीच्या आसपास येतो. त्या दोन दिवसांत मुंबईहून लाखो माणसं जातात. जत्रेला जायचं असेल तर उत्तमच, नसेल तर ते दिवस सोडा. आचऱ्यासारख्या गावात गावपळण होते. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल घेऊन अख्खं गाव, गुराढोरांसकट, तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं. आता तुम्ही चार महिने आधी आचऱ्याला खोली धरली आणि नेमके त्याच दिवसांत पोचलात तर? यजमान रानात राहुटी ठोकून आणि तुम्ही बंद दारासमोर. म्हणून खोलीच्या आधी तारीख, आणि तारखेच्या आधी गावाला एक फोन.

दुसरी गोष्ट : तिथी

आता मुख्य मुद्दा. समुद्राचा दिवस घड्याळावर चालत नाही, चंद्रावर चालतो. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते.

आपल्या किनाऱ्यावर कोळ्यांचा एक साधा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी आहे? चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. अष्टमी? आठाची पाऊणपट सहा. दशमी? साडेसात. पौर्णिमा आणि अमावास्येला उत्तर सव्वाअकरा येतं, प्रत्यक्षात भरती बाराच्या सुमाराला. पौर्णिमा झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. ओहोटी भरतीनंतर सुमारे सहा तासांनी.

हा हिशेब मुंबईच्या आसपास चांगला जुळतो. मालवणला भरती त्याहून थोडी आधी येते, कारण भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत येते. हिशेब मिनिटाला बिनचूक नाही, पण सहल आखायला पुरेसा आहे. आणि साधन काय लागतं? भिंतीवरचं कालनिर्णय. ते १९७३ मध्ये सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचेच, हा योगायोग मला आवडतो.

आता याचा सुट्टीला उपयोग काय? समजा तुम्हाला मुलांना घेऊन संध्याकाळी रुंद, ओल्या वाळूवर खेळायचं आहे. मग पौर्णिमा किंवा अमावास्येच्या जवळचे दिवस धरा. तेव्हा भरती दुपारच्या आत होऊन जाते आणि सूर्यास्ताला पाणी मागे गेलेलं असतं. याउलट अष्टमीच्या आसपास गेलात तर संध्याकाळी पाणी चढलेलं असतं, काही ठिकाणी चालायलाही वाळू उरत नाही. खडकांतली डबकी, शंख, छोटे खेकडे बघायचे असतील तर त्याच अष्टमीला दुपारी ओहोटी मिळते. टोपी मात्र न्या.

पौर्णिमा-अमावास्येची भरती मोठी, तिला उधाण म्हणतात. अष्टमीची लहान, ती भांगाची. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं. मालवणला त्याच्या साधारण निम्मं. हे ऐकून इथला माणूस म्हणतो, म्हणजे तिकडचा समुद्र सौम्य. इथेच फसगत होते.

आपली समुद्राची सवय कुठली? गिरगाव चौपाटी आणि दादर चौपाटी. गिरगाव चौपाटी बॅकबेच्या कुशीत आहे, दादरची माहीमच्या उपसागराला लागून. दोन्हीकडे जमिनीचा आडोसा आहे. तारकर्ली-देवबागचा किनारा बराचसा उघडा आहे. तिथे लाटा वाळूचे दांडे घडवतात आणि मोडतात. किनाऱ्याला आलेलं पाणी परत जाताना या दांड्यांमधल्या फटीतून जोरात समुद्राकडे ओढ घेतं. गंमत म्हणजे ही जागा वरून शांत दिसते. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मध्ये पट्टा सपाट, थोडा गढूळ. पोहायला सोयीची जागा वाटते आणि माणूस नेमका तिथेच उतरतो. चुकून अशा ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ हात मारू नका, दमून जाल. अंग तरतं ठेवा, हात वर करा, किनाऱ्याला समांतर सरका. पट्टा अरुंद असतो, तो संपला की लाटाच तुम्हाला आत आणतात.

आणखी एक जागा म्हणजे देवबागचा संगम, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीला नदीचं आणि खाडीचं पाणी तिथून बाहेर पडतं. बघायला सुंदर, होडीतून फिरायला सुंदर, अंघोळीला नाही.

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी दुपारी बुडाले. मी कारणांचा निवाडा करत नाही, तो माझा अधिकार नाही. फक्त पंचांग उघडून बघतो. त्या दिवशी कृष्ण अष्टमी होती. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे दुपारी बाराला ओहोटी पूर्ण झाली आणि त्यानंतर पाणी चढत होतं. ओहोटी आणि भरतीच्या मधल्या दोन तासांत पाणी सर्वांत वेगाने चढतं. उधाण नव्हतं, पाऊस नव्हता, हिवाळ्यातली साधी दुपार होती. किनाऱ्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्या कोळणीने बोटांवर मोजून सांगितलं असतं की आता पाणी भरायला लागलंय. एक वाक्य. ते वाक्य त्या मुलांपर्यंत पोचलं असतं तर काय झालं असतं, हे कोणी सांगू शकत नाही. पण पुढच्या मुलांपर्यंत ते पोचवणं आपल्या हातात आहे. आजचं व्याख्यान मला करावंसं वाटलं ते या एका गोष्टीसाठी.

तिसरी गोष्ट : तिकीट

मालवणला रेल्वे जात नाही. हे अजूनही अनेकांना माहीत नसतं. कुडाळला उतरायचं आणि तिथून साधारण तीस किलोमीटर. कणकवली आणि सिंधुदुर्गनगरी ही आणखी दोन स्थानकं. पुढे एसटी, रिक्षा किंवा भाड्याची गाडी. दिवसा अडचण नाही. रात्री उशिरा उतरलात तर शेवटची एसटी गेलेली असते, म्हणून गाडी आधी सांगून ठेवा.

गाड्यांपैकी रात्रीची कोकणकन्या आणि सकाळची मांडवी आपल्याला पाठ आहेत. दादरहून सुटणारी तुतारी एक्सप्रेस सावंतवाडीला जाते. तिच्यात एक खोच आहे. ती मध्यरात्रीनंतर सुटते. म्हणजे शुक्रवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढावं लागतं. शनिवारी रात्री बॅगा घेऊन दादरला पोचलेली आणि आपली गाडी कालच गेली हे कळलेली कुटुंबं दर सुट्टीत दिसतात.

१ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुलतं. त्याप्रमाणे कालनिर्णयवर उलटं मोजून खूण करा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक असतं. डोंगर, दरडी, बोगदे यांमुळे गाड्या हळू चालवतात, वेळा बदलतात. वीरच्या पुढे बराचसा मार्ग अजून एकेरी आहे, त्यामुळे एक गाडी अडकली की मागची अडकते. परतीच्या दिवशी दुपारी मुंबईत महत्त्वाचं काम ठेवू नका. रस्त्याने जाणार असाल तर मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी काही बोलत नाही, आपण सगळे ते अनुभवतोच.

आणि एक विनंती. गणेश चतुर्थीच्या आधीचा आठवडा आणि शिमग्याचे दिवस सोडून द्या. त्या दिवसांत लालबाग-परळचा माणूस एका बाकड्यावर चौघं बसून गावाला जात असतो. त्याच्या घरात गणपती यायचा असतो. आपण समुद्र बघायला पंधरा दिवसांनी गेलो तरी समुद्र तिथेच असतो.

शेवटी खोली, आणि पाणी

आता खोली. मालवण, तारकर्ली, देवबाग, वायरी या पट्ट्यात घरगुती राहण्याची सोय भरपूर आहे. पर्यटन महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेखाली नोंदवलेली घरं आहेत, महामंडळाचं स्वतःचं निवासस्थानही आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर इथली अनेक कुटुंबं गावाला परतली. त्यामुळे तुमचे यजमान काका कधी काळी परळच्या गिरणीत होते, असं निघालं तर नवल नाही. गप्पा आपोआप जमतात.

खोली धरताना फोटोपेक्षा फोन करा, आणि हे विचारा. आम्ही येतोय त्या दिवसांत गावात जत्रा, सप्ताह, काही आहे का? घर किनाऱ्यापासून किती लांब, आणि समोर पोहण्यासारखं आहे का? जीवरक्षक कुठल्या पट्ट्यात असतात? विहिरीला पाणी कसं आहे? वीज गेली तर काय सोय? जवळचा डॉक्टर कुठे? या सहा प्रश्नांची मोकळी उत्तरं देणारा यजमान मिळाला की खोलीचा रंग बघायची गरज नाही.

पाण्याचा प्रश्न मी मुद्दाम घातला. देवबाग बघितलंय ना? एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. अशा जमिनीत गोडं पाणी म्हणजे पावसाने भरलेला एक पातळ थर, खाऱ्या पाण्यावर तरंगणारा. वरून जास्त उपसा केला की खालून खारं पाणी वर येतं. एकदा विहीर मचूळ झाली की पुढचा पाऊस पडेपर्यंत त्या घराला त्रास. तुम्ही चार दिवसांनी परत येता, ते घर तिथेच राहतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये गेलात तर समुद्रातून आल्यावर अर्धा तास शॉवर सोडून उभं राहणं ही चैन नव्हे, ते कोणाच्या तरी पिण्याच्या पाण्यातून काढून घेणं आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधला. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. किल्ल्यावर जाल तेव्हा तटबंदी बघाच, पण त्या विहिरींपाशीही थांबा. समुद्रात किल्ला टिकतो तो गोड्या पाण्यावर. गावाचंही तेच आहे.

जेवणाचं थोडक्यात. घरगुती जेवणाचं सकाळीच सांगावं लागतं, किती ताटं, कोण शाकाहारी. मासे त्या हिशेबाने आणले जातात. रात्री नऊला ‘आम्ही बाहेर जेवून आलो’ म्हटलं तर ते मासे वाया जातात. सोमवारी अनेक घरांत मासे शिजत नाहीत, त्या दिवशी काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी खा, काही बिघडत नाही. ठरवून सुरमई-पापलेटच मागू नका. आज काय मिळालंय, असं विचारा. तिरफळं घातलेला बांगडा कमी पैशात जास्त आनंद देतो.

दवाखान्याचं मात्र सविस्तर सांगतो. मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे. मोठी सोय ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गनगरीला. आणि गंभीर रुग्ण आजही अनेकदा गोव्याला बांबोळीला हलवावा लागतो. ते अंतर शंभर किलोमीटरहून अधिक आहे. इथे परळला राहणाऱ्या माणसाला केईएम आणि टाटाच्या सावलीत राहायची सवय असते, त्याच्या हे लक्षातच येत नाही. रोजच्या गोळ्या दोन-चार दिवसांच्या जास्तीच्या न्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि कागदही ठेवा. थोडी रोख रक्कम असू द्या, वादळात वीज गेली की नेटवर्कही जातं.

एवढं केलंत की मग काही आखू नका. चार दिवसांत किल्ला, संगम, रापण, एक दशावतार, एवढं पुष्कळ झालं. बाकी वेळ ओटीवर बसायला ठेवा.

श्रोत्यांचे प्रश्न

*भरतीच्या वेळा आता मोबाइलवर मिनिटासकट मिळतात. मग तिथीचा हिशेब कशाला?*

मोबाइलवर जरूर बघा, तो जास्त अचूक आहे. पण तो उघडावा हे आठवायला तर हवं. तिथीचा हिशेब डोक्यात असला की माणूस पाण्यात उतरताना थांबतो आणि विचार करतो, आता पाणी चढतंय की उतरतंय? शिवाय किनाऱ्यावर नेटवर्क नसलं तरी चतुर्थी ही चतुर्थीच असते. दोन्ही वापरा. आणि तिसरी खात्री किनाऱ्यावरच्या मच्छीमाराकडून करा. तो नको म्हणाला तर मोबाइलवर काहीही असो, उतरू नका.

*आई-वडील पंचाहत्तरीचे आहेत. त्यांना नेता येईल का?*

नक्की न्या. डिसेंबर-जानेवारी धरा, तळमजल्यावरची खोली घ्या, कमोड आहे का ते विचारा, आणि किनाऱ्यापेक्षा मालवण बाजाराच्या जवळ राहा. रात्रीच्या गाडीत खालचा बर्थ मिळेल असं आधीच बघा. किल्ल्याच्या होडीत चढता-उतरताना हेलकावे बसतात. गुडघे दुखत असतील तर किल्ला धक्क्यावरूनही छान दिसतो, त्यांना तिथेच बसवा आणि शहाळं हातात द्या.

*मालवणला फार गर्दी झाली आहे. त्याऐवजी कुठे?*

गर्दी प्रामुख्याने सुट्ट्यांत आणि शनिवार-रविवारी असते. सोमवार ते गुरुवार गेलात तर तेच मालवण वेगळं वाटतं. तरीही दुसरं गाव हवं असेल तर उत्तरेला देवगड आणि विजयदुर्ग, दक्षिणेला वेंगुर्ला आणि शिरोडा. क्रम मात्र तोच ठेवा. जितकं गाव लहान तितक्या सोयी कमी, जीवरक्षक कमी, दवाखाना लांब. म्हणजे आधीचा तो एक फोन तिथे जास्तच गरजेचा. फोन करताना भीड बाळगू नका. तिकडची माणसं बोलायला मोकळी आहेत, फक्त दुपारी एक ते चार फोन करू नका, तेव्हा सगळं तळकोकण झोपलेलं असतं.